गच्चीवर अडकले तेव्हा कॉलनी फारच शांत होती

दुपारी सव्वादोनला आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला. आपल्या शांत कॉलनीत फेरीवाल्यांचा त्रास फार वाढलाय, तरी सकाळी ८ ते संध्याकाळी ६ 'फेरीवाल्यांना प्रवेश बंद' असा बोर्ड लावू या, खर्च घरटी दोनशे. तासाभरात सतरा अंगठे. मी रिकामटेकडी (असं सगळ्यांना वाटतं, त्यावर येतेच), म्हणून ते अंगठे कुणाकुणाचे ते बसून बघितलं. सतरातले चौदा जण त्या वेळी शिरवळला नाहीतर साताऱ्याकडच्या खंडाळ्याला (लोणावळ्याजवळचं नव्हे) कंपनीत होते. आवाज इथे आणि त्रास साठ किलोमीटरवर! कमाल आहे.

बाहेरच्यांसाठी सांगते, मी साताऱ्यात शाहूपुरीला राहते. २०२० ला हद्दवाढ झाली आणि आम्ही ग्रामपंचायतीतून नगरपालिकेत आलो, पण राजवाड्याकडे निघाले की माझ्या तोंडून अजून 'गावात जाऊन येते' असंच निघतं. आमच्या गल्लीत चोवीस घरं आहेत. पहाटे साडेपाचला मोळाच्या ओढ्यावर पहिली बस येते, मग सातची जनरल शिफ्टची, मग बॉम्बे रेस्टॉरंट चौकातून पुण्याला जाणारे, मग शाळेच्या रिक्षा. साडेनऊला गल्लीत कुत्रीसुद्धा झोपलेली असतात. पाहुणे येतात ते म्हणतात, 'किती शांत गं तुमच्याकडे! नशीबवान आहात.' मी हसते आणि चहा टाकते.

आता ती गच्चीची गोष्ट सांगते. काही जणांनी ऐकलीय, परत ऐका.

गेल्या मे महिन्यात गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. दहा-सव्वादहाला उलटवायला वर गेले. अनवाणी, फोन खाली, कुकर उतरवलेला एवढं नशीब. वळवाचा वारा सुटला होता, दार धाडकन आपटलं आणि आतली कडी पडली. मी इकडे, कडी तिकडे. आधी हसूच आलं. म्हटलं मारू हाक कुणाला तरी.

कुणाला?

फरशी इतकी तापली होती की पाय टेकवेना. शेवटी कुरडया एका कडेला सारल्या आणि ज्या जुन्या साडीवर त्या वाळत होत्या तिच्यावरच उभी राहिले. समोर अजिंक्यतारा, मावळतीला यवतेश्वर, किल्ल्यावरचा टॉवर, सगळं अगदी स्वच्छ दिसत होतं. माणूस तेवढा दिसेना. डावीकडच्या वहिनी बँकेत. उजवीकडचे दोघंही कंपनीत, त्यांच्या घराची किल्ली माझ्याच फ्रीजवर. मागच्या घरातली आजी ऐकू न येणारी. आणि समोरच्यांना हाक मारायला तोंड उघडलं तर नावच आठवेना. आठवेना कसलं, माहीतच नव्हतं. तीन वर्षं समोर राहतात. शेवटी बंगल्यावरची पाटी वाचून ओरडले, 'ओ मातृछायाऽऽ!' हो, हसा. मीही आता हसते. मातृछायेला बाहेरून कुलूप होतं.

हे सांगायचं कारण, शांत शांत म्हणून आपण जे मिरवतो ते काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. माझा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येत होता. घसा बसेपर्यंत ओरडले. खाली फोन वाजून वाजून बंद झाला. चहाच्या सुट्टीत ह्यांचा रोज फोन असतो, तो.

ह्यांच्यावर, किंवा त्या चौदा जणांवर, माझा राग नाही. खरंच नाही. साडेचारला उठून मी डबा भरते, हे पावणेसहाला बसच्या खिडकीला डोकं टेकून झोपतात. जाताना बोगदा, येताना खंबाटकीचा घाट, आणि शनिवारी संध्याकाळी पुणेकर महाबळेश्वरला निघाले की घाटातच दीड तास. घरी आल्यावर टीव्हीचा आवाजसुद्धा नको असतो. दिवसभर मशीनच्या कडकडाटात उभं राहिलेल्या माणसाला शांतता हवी वाटली तर त्याचं काय चुकलं? ह्यांनी आमच्या अंगणातलं सोनटक्क्याचं झाड दिवसाउजेडी बघितलं ते सुट्टीच्या दिवशीच. कर्ज काढून घर बांधलं आणि त्यात दिवस घालवते मी एकटी.

आणि हो, तिसऱ्या पाळीची तीन-चार घरं आहेत, ती माणसं दिवसा झोपतात. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. एवढंच मान्य आहे.

कारण बाकीच्यांचं काय चाललंय? 'ताई, तुम्ही घरीच असता ना?' माझ्या फ्रीजवर एका वाटीत सहा घरांच्या किल्ल्या आहेत. गॅसवाला आला की सिलिंडरचा कोड मला पाठवतात, पार्सल माझ्याकडे, पाणी अवेळी आलं की टाकीचा कॉक बघायला मी. फॉल-पिकोचं मशीन आहे हो माझं, कामं असतात. पाय मशीनवर आणि कान फाटकाकडे. तक्रार नाही, शेजारधर्म आहे, पण मग ती शांत कॉलनी जिच्या जिवावर उभी आहे तिला निदान विचारा तरी, की बाई, तुला दिवसभर ही शांतता कशी वाटते?

माझं लहानपण मंगळवार पेठेतलं. वाड्यात एकाच्या घरी दूध उतू गेलं तर तिघीजणी ओरडायच्या. भांडणंही व्हायची, नळावर तर रोज. ते फार छान होतं असं मी म्हणत नाही, आईला तिथे एक क्षण एकटं बसता यायचं नाही. पण गच्चीवर कोंडून घेऊन तिथे दीड तास काढता आला नसता, पाच मिनिटांत कुणीतरी 'काय गं, काय झालं' करत आलंच असतं.

तर गच्चीवर. तासाभराने भंगारवाला आला. टेम्पोवर भोंगा लावलेला, 'जुनं पुराणं, फ्रीज, टीव्ही, कूलर, बॅटरी' अशी रेकॉर्ड लावून दिलेली. मी कठड्याला पोट टेकून दोन्ही हात हलवत होते, जीव खाऊन ओरडत होते. तो स्वतःच्याच आवाजात खाली मान घालून मोबाईल बघत निघून गेला. तेव्हा भोंग्यांबद्दल ग्रुपवरचे लोक म्हणतात ते बरोबर आहे. बंद करा ते भोंगे. दोनशे नाही, तीनशे देते.

पण मग आली आमची भाजीवाली मावशी. कोंडव्याहून येते, डोक्यावर पाटी. ती काय करते, 'भाजीऽऽ, पोकळा, चुका, कांदापाऽऽत' अशी एक हाक मारते आणि थांबते. दोन पावलं टाकते, कान देते, मग पुढची हाक. कुणी खिडकीतून 'थांबा हो' म्हणतंय का ते ऐकायला थांबायलाच लागतं तिला, तिचं पोट त्यावर आहे. त्या थांबण्यात माझा बसलेला आवाज तिच्या कानावर गेला.

'काय वं ताई, उन्हात वर काय करताय?'

मला रडू फुटलं. खरं सांगते, पन्नाशीची बाई मी, कठड्याला धरून रडले.

पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. तरी ती खालून विचारते, 'आत येऊ का?' सात-आठ वर्षं आमच्या दारात येतेय, फाटकाच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. आम्ही कधी ये म्हटलंच नव्हतं, खरं तर. पाटी ओट्यावर उतरवली, चपला पायरीखाली काढल्या, जिना चढून आली. कडी काढली तेव्हा तिची बोटं चुक्याच्या देठांनी हिरवी झालेली होती, आणि दाराच्या पांढऱ्या रंगावर तो हिरवट डाग पडला. चहाला थांब म्हटलं तर म्हणाली, 'नगो, अजून बोहनी व्हायचीय.' साडेअकरा-पावणेबारा वाजले होते आणि तिची बोहनी झाली नव्हती! शांत कॉलनीत कोण घेणार भाजी? मी चुक्याच्या चार जुड्या घेतल्या. आम्ही घरात दोनच माणसं. आठवडाभर हे डब्यात चुका खात होते.

आज ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, की भोंगे बंद करा, पण हाक मारून विकणाऱ्यांना येऊ द्या. लगेच एकाचं उत्तर, 'ताई, सगळं ॲपवर मिळतं आता, दहा मिनिटांत.' अरे बाबा, दहा मिनिटांत? साताऱ्यात? ऑर्डर तुझी, तू शिरवळला, आणि दार उघडायचं कुणी? मीच ना? दुसऱ्याचं म्हणणं, सुरक्षेचा प्रश्न आहे, अनोळखी लोक कॉलनीत फिरतात. मावशी अनोळखी आणि मातृछाया ओळखीची, असं का? (मातृछायावाल्यांची नावं आता मला माहीत आहेत. दुसऱ्याच दिवशी जाऊन विचारली. बिचारी चांगली माणसं आहेत. अंगठा त्यांचाही आहे.)

मग एक लांबलचक उत्तर लिहिलं आणि पुसलं. ग्रुपवर भांडून उद्या त्यांच्याच किल्ल्या सांभाळायच्यात. म्हणून इथे लिहितेय, इथे तुम्ही माझी माणसं आहात.

रविवारी बोर्डावर मीटिंग आहे, संध्याकाळी पाचला, देवळाच्या कट्ट्यावर. मी जाणार आहे. हे म्हणतात, तू कशाला वाईटपणा घेतेस. मी म्हटलं, तुम्ही तुमचा अंगठा काढा आधी. काढला. म्हणजे आता सोळा.

दारावरचा डाग अजून आहे, पुसून गेला नाही. दिवाळीच्या रंगात जाईल. आज मावशीकडून शेपू घेतलाय, तो निवडायचा राहिलाय आणि पहाटे साडेपाचला बस आहे. जाते.