स्लॅब टाकण्याआधी कोण पाहतो?

गेल्या महिन्यात एका परिचितांनी विचारले की, १,२०० चौरस फुटांच्या घरासाठी बांधकाम व्यवस्थापनाचे, म्हणजे ठेकेदाराच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या स्वतंत्र इंजिनिअरचे, वेगळे पैसे मोजणे म्हणजे चैन नव्हे का. आर्किटेक्टची फी दिलेली आहे, ठेकेदार ओळखीचा आहे आणि निवृत्त सासरे दिवसभर साइटवर बसायला तयार आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. साताऱ्यात आई-वडिलांसाठी घर बांधायला घेतले तेव्हा मीही अगदी असेच बोलत होतो, म्हणून उत्तर सविस्तर लिहीत आहे.

आमच्या पहिल्या स्लॅबनंतर तीन आठवड्यांनी प्लंबर आला आणि संडासाच्या ४ इंची पाइपला वाट हवी म्हणून त्याने थेट बीमला भोक पाडायला सुरुवात केली. संध्याकाळी मी पोहोचलो तेव्हा खालची एक सळई कापली गेली होती. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण सळई बांधली जात असताना स्लीव्ह (पाइपसाठी काँक्रीटमध्ये आधीच ठेवायची नळी) ठेवण्यासाठी त्याला कोणी बोलावलेच नव्हते. आर्किटेक्टच्या नकाशात संडास योग्य जागी होता, आरसीसीच्या, म्हणजे सळई-काँक्रीटच्या सांगाड्याच्या, ड्रॉइंगमध्ये बीमही योग्य जागी होता. फक्त हे दोन कागद एकमेकांवर ठेवून पाहणे हे कोणाचेच काम नव्हते. दुरुस्तीत ११ दिवस गेले आणि त्या काळात गवंडी दुसऱ्या साइटवर निघून गेले, ते मात्र महिनाभर परतले नाहीत.

एवढी माणसे असताना कोणीतरी पाहत असेलच, असा आपला समज असतो. आर्किटेक्टची भेट अधूनमधून असते आणि त्यांचे लक्ष मुख्यतः आराखड्याकडे असते. बँकेचा व्हॅल्युअर कर्जाच्या हप्त्यापुरते काम झाले आहे का एवढेच पाहतो. घरखरेदीदारांसाठीच्या २०१६ च्या रेरा कायद्यात बिल्डरवर ५ वर्षांची दोषदुरुस्तीची जबाबदारी आहे, परंतु स्वतःच्या प्लॉटवर स्वतःसाठी घर बांधणारा माणूस त्या कायद्याच्या लेखी ग्राहक नसतोच. राहिला ठेकेदार. तो कितीही सज्जन असला तरी स्वतःचेच काम तपासून ते नापास करील, ही अपेक्षा त्याच्यावरही अन्याय करणारी आहे.

सासऱ्यांबद्दल मला पूर्ण आदर आहे. ते सिमेंटची पोती मोजतील आणि अचूक मोजतील. पण काँक्रीट लवकर पसरावे म्हणून मुकादम मिक्सरमध्ये बादलीने पाणी ओततो, तेव्हा त्याला कोणत्या आधारावर थांबवायचे हे त्यांना कसे कळावे? काँक्रीटसाठीच्या आयएस ४५६ या भारतीय मानकात एम २० या प्रतीच्या नॉमिनल मिक्ससाठी (ठरावीक प्रमाणात कालवलेल्या काँक्रीटसाठी) ५० किलोच्या पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगितले आहे, आणि ओल्या वाळूत असलेले पाणीही त्यातच धरायचे असते. स्लॅबच्या सळईखाली किमान २० मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, हवे. आमच्याकडे सळई उचलून धरणाऱ्या कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे सरकवले होते, हे मला फोटो पाहताना दोन वर्षांनी समजले. दोन आधारांमध्ये साडेचार मीटरपेक्षा जास्त अंतर असलेल्या स्लॅबचे टेकू १४ दिवस ठेवायचे असतात, पण फळ्या-टेकू लावणाऱ्या सेंट्रिंगवाल्याला त्याचे सामान पुढच्या साइटवर हवे असते. ही सगळी कामे नंतर झाकली जातात आणि प्लास्टर झाल्यावर चांगला स्लॅब व वाईट स्लॅब सारखेच दिसतात.

पुढे कराडला बहिणीचे घर बांधताना आम्ही एक स्वतंत्र इंजिनिअर नेमला. पहिले तीन आठवडे कुदळसुद्धा लागली नाही, म्हणून दाजी अस्वस्थ होते. त्या काळात इंजिनिअरने कामांची एकच यादी तीन ठेकेदारांना देऊन दर मागवले आणि चौरस फुटाच्या दरात बाल्कनी, छज्जा, जिन्याचा टोप व पाण्याची टाकी कशी धरायची ते लिहून घेतले. आमच्या घराच्या शेवटच्या बिलात ‘एक्स्ट्रा काम’ म्हणून २३ बाबी होत्या. बहिणीकडे चारच निघाल्या आणि त्यांचे दर काम होण्यापूर्वीच ठरलेले होते. सळई आली तेव्हा इंजिनिअरांनी १२ मिमीचा एक मीटरचा तुकडा कापून किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला, कारण तो साधारण ८८८ ग्रॅम भरायला हवा. बाजाराच्या दिवशी मजुरांसाठी उचल दिली जाई, पण ती मोजमापाच्या वहीत झालेल्या कामाच्या आतच असे.

यातून सगळे सुरळीत होते असे नाही. पावसामुळे बहिणीचे कामही दोन महिने लांबलेच. एक खोली वाढवायची असेल किंवा कुंपणाची भिंत बांधायची असेल, तर पूर्ण वेळ माणूस नेमण्याची गरज मला वाटत नाही. फूटिंग (पाया), प्लिंथ (जोते), प्रत्येक स्लॅबच्या आधीची सळई, संडासाचे वॉटरप्रूफिंग आणि प्लास्टरपूर्वी भिंतीतले पाइप एवढ्या भेटी ठरवून घेतल्या तरी बरेच साधते. फी ठोक ठरवावी, कारण टक्केवारीत घराचा खर्च वाढला की फीही वाढते. ती आपल्या हातून द्यावी आणि ठेकेदाराने सुचवलेला माणूस घेऊ नये. शिवाय, इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय काँक्रीट सुरू करायचे नाही, ही ओळ ठेकेदाराच्या करारात असलीच पाहिजे.

बहिणीच्या स्लॅबच्या दिवशी या ओळीची परीक्षा झाली. सकाळी सात वाजता मिक्सर सुरू होता, बायका घमेली घेऊन उभ्या होत्या, नारळ फुटला होता आणि इंजिनिअर होकार देईनात. बाल्कनीच्या वरच्या सळया रात्रीतून माणसांच्या पायांखाली दबून खाली गेल्या होत्या. बाहेर लोंबणाऱ्या स्लॅबचा ताण वरच्या बाजूला येतो, त्यामुळे तिथली सळई खाली बसली की तिचा उपयोग जवळजवळ संपतो. ठेकेदार चिडला, दाजींनी मला फोन करून ‘तुम्हीच त्यांना समजवा’ म्हटले. मी म्हणालो, थांबा. दोन फिटरांनी खुर्च्या (सळईचेच वाकवलेले आधार) लावून सगळी सळई पुन्हा उचलली आणि साडेदहाला पहिले घमेले वर गेले.