स्की मित्राकडून शिकू नका

डिसेंबर उजाडला की म्युनिकच्या आपल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तोच मेसेज येतो. "वीकेंडला स्कीइंगला कोण कोण? येत नसेल तरी या, आम्ही शिकवू." हे आम्ही म्हणजे कोण, तर मागच्या सीझनला स्वतः कसाबसा उभा राहायला लागलेला एखादा दादा. मी इथे बरीच वर्षं राहते, स्कीइंग मनापासून आवडतं, त्यामुळे नका जाऊ असं मी कधीच म्हणणार नाही. पण माझं मत आधीच सांगून टाकते, मग काय शिव्या घालायच्यात त्या घाला. डोंगर, बर्फ, थंडी हे सगळं नंतर, नवशिक्याला पहिला धोका असतो तो "अरे चल रे, काही होत नाही" म्हणणाऱ्या मित्राचा.

होतं काय, की हा मित्र तुम्हाला सपाटीवर तासभर पिझ्झा शिकवतो, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागे फाकवून ब्रेक मारायचा. मग तो स्वतःच बोअर होतो, कारण त्याने दिवसाचा पास काढलाय आणि त्याला वर जायचंय. "निळीच तर आहे, सोप्पी असते" म्हणत तुम्हाला चेअरलिफ्टमध्ये बसवतो. आता पिस्टचे, म्हणजे स्कीइंगसाठी आखून तयार केलेल्या उतारांचे, निळा, लाल, काळा हे रंग मुख्यतः उतार किती तीव्र ते सांगतात, त्या दिवशी बर्फ कसा आहे हे सांगत नाहीत. तीच निळी पिस्ट सकाळी नऊला फरशीसारखी टणक असते, दुपारी तीनला, त्यातही मार्चमध्ये, ओल्या बर्फाचे ढिगारे झालेले असतात. त्यात मध्येच एक उभा तुकडा येतो, तिथे पिझ्झा पुरत नाही, मांड्या पेटतात आणि माणूस घाबरून मागे झुकतो. मागे झुकलं की स्कीवरचा ताबा जातो, वेग वाढतो, आणि गुडघ्याचं लिगामेंट बरेचदा ह्याच पोझिशनमध्ये जातं, वजन मागे आणि एका स्कीची आतली कड बर्फात रुतलेली. ओळखीतल्या एका मुलीचं असंच झालं, मास्टर्सचं पहिलं वर्ष होतं तिचं. वेग म्हणाल तर चालण्याइतका, जवळजवळ थांबलीच होती, हळूच वळली आणि बसली. स्की काही सुटली नाही, पाय आत राहिला आणि गुडघा फिरला. परीक्षा कुबड्यांवर दिल्या तिने.

स्की सुटली नाही म्हणजे काय ते जरा नीट सांगते, कारण ह्याबद्दल कोणी बोलतच नाही. बूट स्कीला धरून ठेवणारं जे बाइंडिंग असतं ते ठराविक जोर आला की उघडलं पाहिजे, आणि तो जोर किती हे भाड्याच्या दुकानात एका स्क्रूने सेट करतात. त्यासाठी फॉर्मवर वजन, उंची, वय आणि तुम्ही कसे स्की करता ते विचारतात, बुटाच्या तळव्याची लांबी ते स्वतः मोजतात. आता आपली मंडळी काय करतात? मुली वजन पाच किलो कमी लिहितात, आणि मुलगे "तुम्ही कसे स्की करता" मध्ये सावकाश सोडून मधला, नाहीतर थेट आक्रमक पर्याय टिक करतात, कारण मागे मित्र उभे आहेत. वजन कमी लिहिलं तर स्की नको तिथे सुटू शकते. आक्रमक लिहिलं तर सुटायला हवी तेव्हा सुटत नाही, आणि मग स्क्रू हलत नाही, गुडघा हलतो. आणि फॉर्म अगदी खरा भरला तरी सावकाश पिळ बसणाऱ्या पडण्यात बाइंडिंग दर वेळी उघडेलच असं नाही. पण म्हणून निदान फॉर्मवर तरी खोटं बोलू नका ना! तो फॉर्म काही लग्नाचा बायोडेटा नाही.

बुटाचंही तेच. थंडी वाजेल म्हणून दोन मोजे घालतात, जीन्स बुटात कोंबतात, आणि वर म्हणतात की बूट लागतात. एकच पातळ लांब मोजा घालायचा. ताठ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की मागे सरकली पाहिजेत. ढगळ बुटात पाय वळतो पण स्की वळत नाही.

हेल्मेटवर वाद घालणारे अजूनही भेटतात. फॉर्म्युला वनवाल्या मायकल शूमाकरचं उदाहरण देतात, त्याने घातलं होतं ना, काय उपयोग झाला? २९ डिसेंबर २०१३, फ्रान्समधलं मेरिबेल, दोन पिस्टच्या मधल्या बर्फात तो गेला, पडला आणि डोकं खडकावर आदळलं. हेल्मेट होतं, ते फुटलं, तरी मेंदूला गंभीर इजा झाली. बरोबर आहे, हेल्मेट म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. पण दुसरं उदाहरणही ऐका. २००९ च्या मार्चमध्ये अभिनेत्री नताशा रिचर्डसन कॅनडात, माँ त्राँब्लाँला, नवशिक्यांच्या उतारावर पडली. हेल्मेट नव्हतं. उठली, मला काही झालं नाही म्हणाली, आलेली मदत परत पाठवली. थोड्या वेळाने डोकं दुखायला लागलं, आणि दोन दिवसांनी ती गेली. कवटीच्या आत रक्तस्राव होत होता. म्हणून डोकं आपटलं असेल तर त्या दिवशीचं स्कीइंग बंद, माणसाला एकटं सोडायचं नाही, आणि डोकेदुखी, उलटी, झोप येणं, असंबद्ध बोलणं ह्यातलं काहीही दिसलं तर सरळ ११२.

आता नियम. एफआयएसचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे, दहा नियम १९६७ पासून आहेत, लिफ्टजवळच्या पाटीवर लिहिलेले असतात आणि आपण त्या पाटीपाशी सेल्फी काढतो. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा असा की वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळायचं. खालचा कसाही वेडावाकडा वळू दे, मध्येच थांबू दे, त्याला डोळे पुढे आहेत, मागे नाहीत. अमेरिकेत अभिनेत्री ग्वेनेथ पॅल्ट्रोचा स्की करताना झालेल्या टकरीचा खटला गाजला २०२३ मध्ये, तिथेही सगळा वाद वर कोण होतं आणि खाली कोण ह्यावरच होता. जर्मनी-ऑस्ट्रियात तर कोर्ट दोष ठरवताना हेच नियम बघतं. तेव्हा टक्कर झाली की "सॉरी सॉरी" म्हणून सटकायचं नाही, थांबायचं, मदत करायची, नाव-पत्ता द्यायचा, तोही नियमच आहे. आणि वळणाच्या पलीकडे किंवा उंचवट्याच्या खाली, जिथे वरून दिसत नाही तिथे, चहापानाला बसल्यासारखं गोल करून बसू नका प्लीज!! आपला ग्रुप लांबूनच ओळखू येतो.

अजून एक, जे मला वाटतं फारच कमी लोकांना माहीत असतं. पिस्ट बंद झाल्यावर तिथे थांबायचं नाही. संध्याकाळी बर्फ सारखा करणारी अवजड मशीनं निघतात आणि उभ्या उतारावर ती वरच्या एका खुंटाला पोलादी दोराने बांधलेली असतात. हा दोर शेकडो मीटर लांब असतो, कधी बर्फात पुरलेला असतो आणि मशीन वळलं की एकदम ताणून वर उडतो. अंधारात तो दिसत नाही. माणसं मेलीत ह्याने. त्यामुळे वरच्या हटमध्ये अजून एक बिअर घेऊन मग निवांत उतरू, ही कल्पना सोडा.

ऑफ-पिस्टबद्दल, म्हणजे पिस्ट सोडून मोकळ्या बर्फात जाण्याबद्दल, मित्राचं वाक्य ठरलेलं असतं, "तिथे ट्रॅक आहेत ना, म्हणजे सेफ आहे". ट्रॅक आहेत म्हणजे आधी कोणीतरी गेलं एवढंच, पुढच्या माणसाच्या वजनाने बर्फ घसरणार नाही कशावरून? हिमस्खलनात सापडलेल्यांपैकी बहुतेकांनी ते स्वतः किंवा त्यांच्याच ग्रुपने सुरू केलेलं असतं. तीस अंशांच्या वरचा उतार, नुकताच पडलेला बर्फ आणि वारा, एवढं पुरतं. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढला तर बहुधा वाचतो, त्यानंतर शक्यता धाडकन खाली येते, आणि हेलिकॉप्टर सहसा इतक्या लवकर येत नाही. म्हणजे काढणार तुमचे सोबतीच, त्यांच्याकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा सिग्नल पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं असेल आणि ते वापरता येत असेल तर. तुमच्या त्या दादाला येतं का? विचारा एकदा.

हे सगळं आल्प्सपुरतं नाही. काश्मीरला जाणारे नातेवाईक गुलमर्गहून फोटो पाठवतात, गोंडोला, म्हणजे तिथला रोपवे, दुसऱ्या टप्प्यात अफरवट डोंगरावर जवळजवळ चार हजार मीटरवर नेऊन सोडतो. तिथून खाली जे आहे ते मशीनने दाबलेली पिस्ट नव्हे, मोकळा डोंगर आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथे दोन पोलिश स्कीअर हिमस्खलनात गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन, आणि हे बर्फाच्या देशांतून आलेले लोक होते. आपल्या पर्यटकांना खालच्या उतारावर भाड्याचा कोट, गमबूट आणि "सर, आधे घंटे में सिखा देंगे" मिळतं, हेल्मेट मागितल्याशिवाय बरेचदा मिळत नाही. मागा. तिथे सरकारी संस्थेचे व्यवस्थित कोर्स आहेत, खरंच शिकायचं असेल तर ते करा, अर्ध्या तासात फक्त फोटो होतो.

पैशाचं म्हणाल तर ग्रुप कोर्सचा एक दिवस लिफ्ट पासपेक्षा थोडा महाग पडतो, आणि विद्यार्थ्यांसाठी युनिव्हर्सिटीच्या स्पोर्ट्स विभागाचे कोर्स त्याहून स्वस्त असतात. ऑस्ट्रियात स्की करताना पडलात आणि हेलिकॉप्टर बोलवावं लागलं तर बिल काही हजार युरोंचं येतं, जर्मनीतला सरकारी आरोग्य विमा सहसा ते देत नाही. जर्मन अल्पाइन क्लबची मेंबरशिप घेतली तर डोंगरातून सोडवून आणायचा खर्च २५,००० युरोपर्यंत त्यात येतो. भारतातून फिरायला येणाऱ्या आई-बाबांच्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये विंटर स्पोर्ट्स आहे का ते बारीक अक्षरात वाचा, बऱ्याच पॉलिसींमध्ये नसतं.

शनिवारी म्युनिकजवळच्या ब्राउनेकला स्कीइंगला जाणाऱ्या ग्रुपने आता माझ्यावर चिडू नये. जा की. फक्त नवीन पोरांना सकाळी स्की स्कूलपाशी सोडा, तुम्ही वर जाऊन मनसोक्त खेळा आणि जेवायला खाली भेटा. आणि जॅकेट कुठलं घेऊ असं मला इनबॉक्समध्ये विचारू नका, कुठलंही चालतं, हातमोजे मात्र वॉटरप्रूफ घ्या.