सॉकेट आणि सिंहस्थ

भाच्याला गेमिंगचा कम्प्युटर हवा होता. तयार मिळतो तो घेणं कमीपणाचं, सुटे पार्ट आणून असेंबल करायचा, असा त्याच्या कंपूचा दंडक. पैसे मामाचे म्हणून निवड समितीत मला मानाचं पान मिळालं. मताचा अधिकार तेवढा नव्हता.

प्रोसेसरवरून सॉकेट, म्हणजे तो बसतो ती खाच, सॉकेटवरून मदरबोर्ड, मदरबोर्डवरून रॅम. घरात जुन्या पिढीची डीडीआर4 रॅम पडून होती, ती लावू म्हटलं. "मामा, एएमडी प्रोसेसरच्या एएम5 सॉकेटवर फक्त डीडीआर5 चालते!" मग इंटेल घे की. तर इंटेलचं एलजीए1700 सॉकेट 2021 मध्ये आलं आणि 2024 मध्ये एलजीए1851 ने त्याला घरी बसवलं. एएमडीने मात्र एएम5 ला 2027 पर्यंत तरी साथ देऊ, असं जाहीर केलंय. "म्हणजे सिंहस्थापर्यंत बघायला नको," रविवार कारंजावरून आलेले माझे सासरे म्हणाले आणि एएमडीचं पारडं जड झालं. नाशकात याहून भक्कम वॉरंटी कोण देणार?

गेमची चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड मागितलं आरटीएक्स 5090. किंमत दोन लाखांच्या वर, वीज 575 वॅट. "आपला मिक्सर 500 चा आहे," बायको म्हणाली. "हा पोरगा रात्रभर चटणी वाटणार का?" तडजोड 5070 टीआयवर झाली. 300 वॅट, पॉवर सप्लाय 750 चा.

खरी कसरत पुढेच होती. कॅबिनेटमध्ये 355 मिलिमीटरचं कार्ड मावतं. पण नाशिकचा उन्हाळा आता पूर्वीचा राहिला नाही, म्हणून लिक्विड कूलर हवा. त्याचा रेडिएटर पुढे लावला की 27 मिलिमीटर तो खातो, 25 पंखा. उरले 303. कार्ड 304! रेडिएटर वर न्यावा, तर रॅमच्या डोक्यावरचे रंगीत दिवे पंख्याला टेकतात. दिवे नसलेली रॅम घे म्हटलं, तर पोरगं जेवेना. शेवटी कॅबिनेटच मोठं घेतलं. ते टेबलाखाली मावत नाही, पण त्यावर घरात अजून कोणी बोललेलं नाही.

यादी घेऊन एम. जी. रोडला गेलो. दुकानदाराने ती बारकाईने वाचली, मान डोलावली. "सगळं बसतंय, काका. मॉनिटर कोणता?"

"घरी आहे. 60 हर्ट्झचा." म्हणजे सेकंदाला साठच चित्रं दाखवणारा, कार्ड कितीही पळो.

त्याने भाच्याकडे पाहिलं. भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मग दुकानदाराने खुर्ची पुढे सरकवली आणि पोऱ्याला दोन स्पेशल चहा सांगितले.