शेवटच्या ओळीतलं नाव
तुमच्या लेखात मराठी संतांचे अभंग आणि कन्नड दासपदं, म्हणजे तिकडच्या हरिदास संतांची भक्तिगीतं, दोन वेगळ्या दालनांत ठेवलीत, ते काही पटलं नाही. आमच्याकडे बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात एकादशीच्या भजनात आजी नामदेवांचा अभंग संपवायची आणि शेजारच्या अक्का लगेच पुरंदरदासांचं पद धरायच्या. टाळ तेच, पुढ्यातला विठ्ठलही तोच. फरक कळायचा तो शेवटच्या ओळीत. आपल्याकडे 'नामा म्हणे', कवी स्वतःचं नाव घालतो. त्यांच्याकडे 'पुरंदर विठ्ठल', म्हणजे देवाचंच नाव. त्याला कन्नडमध्ये अंकित म्हणतात. पुरंदरदास १५६४ साली गेले, तरी अक्कांना पदं तोंडपाठ होती. आणि ज्ञानदेवांच्या नावावरच्या अभंगातही विठ्ठल 'कानडा'च आहे की! पुढच्या लेखात दोघांना एकत्र घ्या, ही कळकळीची विनंती.