नेपोलियन "मुक्तिदाता" होता म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

एक पोस्ट सगळीकडे फिरतेय, की नेपोलियननं गुलामांना सोडवलं, राजेशाह्या मोडल्या, पोलंडसारख्या देशांना स्वातंत्र्य दिलं, बायकांना हक्क दिले, आणि तो जनतेनंच निवडलेला नेता होता. एकेक मुद्दा घेऊ.

आधी गुलामांचं, कारण सगळ्यात मोठं खोटं तिथेच आहे. फ्रान्सनं गुलामगिरी रद्द केली ४ फेब्रुवारी १७९४ ला, नेपोलियन तेव्हा सत्तेत नव्हताच, आणि ती रद्द करायची वेळ आली तीच मुळात हैतीतल्या (तेव्हाची फ्रेंच वसाहत) गुलामांनी १७९१ पासून बंड पुकारलं होतं म्हणून. नेपोलियननं केलं ते उलटं. २० मे १८०२ च्या कायद्यानं मार्टिनिकसारख्या कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटांवरची गुलामगिरी कायम ठेवली, माणसांचा व्यापार परत कायदेशीर केला, आणि तिथल्याच ग्वाडलूप बेटावर तर आठ वर्षं मोकळ्या असलेल्या लोकांना परत गुलाम केलं. तिथला लुई देल्ग्रेस फ्रेंच सैन्यातलाच अधिकारी, पण तो याविरुद्ध उभा राहिला, आणि २८ मे ला तिथल्या माटुबा गावाला वेढा पडल्यावर शरण न जाता साथीदारांसकट दारूगोळा पेटवून मेला. हैतीतल्या बंडाचा नेता तूसाँ लूव्हर्त्यूर, त्याला बोलणीला बोलावून पकडलं आणि फ्रान्समधल्या एका थंडगार किल्ल्यात डांबलं, एप्रिल १८०३ मधे तिथेच गेला तो. १८१५ मधे नेपोलियननं गुलामांचा व्यापार बंद करायचा हुकूम काढला हे खरंय, पण गुलामगिरीला हात लावला नाही, फ्रेंच वसाहतींत ती संपली थेट १८४८ ला.

पोलंडचा मुद्दा याच्याशीच जोडलेला आहे आणि तो मला जास्त लागतो. शेजाऱ्यांनी वाटून घेतलेला आपला देश परत मिळेल या आशेनं पोलिश पोरं १७९७ पासून त्याच्यासाठी इटलीत लढली. त्यातल्या पाचेक हजारांना त्यानं हैतीला पाठवलं, गुलामांचं बंड मोडायला! बहुतेक जण लढाईत आणि पिवळ्या तापानं गेले, काही जण तर बंडखोरांच्याच बाजूला गेले. १८०५ च्या हैतीच्या राज्यघटनेत गोऱ्यांना जमीन घ्यायला बंदी होती पण पोलिश लोकांना त्यातून सूट दिली होती. ज्यांच्याविरुद्ध लढायला पाठवलं त्यांनी या पोरांना घर दिलं, आणि नेपोलियननं १८०७ ला पोलंडला काय दिलं तर "वॉर्साची डची" (म्हणजे ड्यूकचं छोटं राज्य), नावात पोलंड नाही आणि वर सॅक्सनीचा राजा बसवलेला.

राजेशाही मोडली म्हणता तर हॉलंडला भाऊ लुई, नेपल्सला आणि मग स्पेनला भाऊ जोसेफ, वेस्टफालियाला भाऊ जेरोम. इटलीचं प्रजासत्ताक होतं, १८०५ ला मिलानमधे स्वतःच मुकुट घालून त्याचा राजा झाला. लुईनं हॉलंडच्या व्यापाऱ्यांना जरा सांभाळून घेतलं तर १८१० ला त्यालाही खाली उतरवून देशच फ्रान्सला जोडून टाकला.

बायकांचं थोडक्यात. नेपोलियनच्या १८०४ च्या नागरी कायद्यात "बायकोनं नवऱ्याच्या आज्ञेत राहावं" असं सरळ लिहिलंय. बायकोचा व्यभिचार घटस्फोटाला पुरे, पण नवऱ्यानं ठेवलेली बाई राहत्या घरात आणून ठेवली तरच बायकोला तो मागता यायचा. त्याच्या आधीच्या फ्रेंच क्रांतीच्या १७९२ च्या कायद्यात हा भेद नव्हता.

चांगलं काही केलंच नाही असं मी म्हणत नाही, सरंजामी हक्क गेले, कायद्यापुढे समानता आली, जर्मनी-इटलीत ज्यूंना मोकळेपणा मिळाला (१८०८ ला परत त्यांच्यावरच बंधनं घातली ते वेगळं). पण यातलं बरंचसं क्रांतीचं देणं, त्याचं एकट्याचं नाही.

आणि "जनतेनं निवडलेला"? त्याला सत्तेवर बसवणाऱ्या राज्यघटनेवर १८०० ला झालेल्या सार्वमताचा निकाल जाहीर झाला तो तीस लाखांवर होकार आणि नकार फक्त १,५६२. प्रत्यक्षात होकार त्याच्या निम्म्याच्या आसपास होते, बाकीचा आकडा गृहमंत्र्याच्या कचेरीत फुगवला, सैन्यातली मतं तर मतदान न घेताच लाखोंनी धरली. गृहमंत्री होता ल्यूसियाँ बोनापार्ट, त्याचा सख्खा भाऊ.