स्वतःला ओळखणं म्हणजे चोचले? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण त्यात उत्तर कमी आणि फणकाराच जास्त उतरला, म्हणून पुसून टाकलं. हे दुसऱ्यांदा लिहितेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की नोकरी धरण्याआधी किंवा सोडण्याआधी चार दिवस शांत बसा आणि आपल्याला काय आवडतं, काय जमतं ते लिहून काढा. त्यावर तुमचं म्हणणं असं: हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत, ज्याच्यावर घर अवलंबून आहे तो मिळेल ते काम करतो. शांत बसून काही कळत नाही, काम अंगावर पडलं की आपोआप कळतं. आणि त्या व्यक्तिमत्त्व चाचण्या म्हणजे सुटाबुटातलं राशिभविष्य. शेवटी तुम्ही लिहिलंय, "मी २२ वर्षं नोकरी केली, स्वतःला ओळखत कधी बसलो नाही. दोनदा बढती नाकारली, कारण फिरतीचं काम माझ्याच्याने होत नाही. माझं काही अडलं नाही." या शेवटच्या वाक्यांकडे मी नंतर येणार आहे.

चाचण्यांवरून मला भांडायचंच नाही. १९४८ साली बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि नंतर प्रत्येकाच्या हातात त्याच्या व्यक्तिमत्त्वाचं वर्णन ठेवलं. ते कितपत जुळतं यावर विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मग कळलं की वर्णन सगळ्यांना एकच होतं, आणि त्यातली वाक्यं फोररने ज्योतिषाच्या एका पुस्तकातून उचलली होती! म्हणजे तुमची राशिभविष्याची उपमा शब्दशः खरी निघाली. सगळ्या चाचण्या एका माळेचे मणी नाहीत; कोणत्या प्रकारचं काम आवडतं एवढंच विचारणाऱ्या बऱ्या असतात. पण चाचणीच्या निकालावर नोकरी बदलणाऱ्याला मीही थांबवेन.

आता तो दुसरा मुद्दा, शांत बसण्याचा. इथे तुम्ही माझी चूक पकडलीत, आणि ती लहान नाही. मानसशास्त्रज्ञ टिमथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३चा एक प्रयोग आहे. विद्यार्थिनींना काही पोस्टर दाखवली आणि हवं ते घरी न्यायला सांगितलं. काहीजणींना निवडण्याआधी 'हे का आवडलं, ते का नाही' याची कारणं लिहायला लावली. काही आठवड्यांनी विचारलं तेव्हा कारणं लिहिणाऱ्या मुली आपल्या पोस्टरवर कमी खूश होत्या. कारण शोधायला बसलं की जे शब्दांत सहज पकडता येतं तेच हाताला लागतं, आणि मग आपण त्याच्याच मागे जातो. पोस्टर आवडलं नाही तर काढून टाकता येतं. नोकरीचं तसं नाही. मी लेखात वाचकांना नेमकं हेच करायला सांगितलं होतं. तो परिच्छेद आता काढलाय.

माझंच उदाहरण देते. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते. टीम लीड होण्याबद्दल विचारणा झाली तेव्हा मी वहीत तारीख घालून लिहिलं: "हो म्हणतेय. लोक अडचणी घेऊन माझ्याकडे येतात, मला ते आवडतं. वर्षभरात यात रुळलेली असेन." दहा महिन्यांनी ते पान उघडलं, आणि मधल्या काळातल्या नोंदीही वाचल्या. 'आजचा दिवस बरा गेला' असं ज्या ज्या दिवशी लिहिलेलं होतं, त्यातल्या जवळजवळ प्रत्येक दिवशी मी एकटी एखादा बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, शोधत बसले होते. एक बग मला अजून आठवतो. बिलाची रक्कम चुकायची, पण फक्त महिन्याच्या ३१ तारखेला, त्यामुळे तो कुणालाच पकडता येत नव्हता. खरं तर ते काम टीममधल्या एका नव्या मुलाला दिलेलं होतं. मी ते त्याच्याकडून काढून घेतलं, संध्याकाळपर्यंत सोडवलं आणि वहीत लिहिलं: "मजा आली." त्या मुलाला कशी मजा आली असेल, याबद्दल वहीत अक्षर नाही.

'लोक अडचणी घेऊन येतात' यातल्या अडचणी मला आवडत होत्या, लोक नव्हे. हे कितीही शांत बसून मला सुचलं नसतं. मी बसलेच होते की, आणि बसून उलटंच लिहिलं होतं.

म्हणजे काम केल्यावरच कळतं, हे कबूल. पण तुमचा 'आपोआप' मला मान्य नाही. कारण ती वही नसती तर दहा महिन्यांनी मी छातीठोकपणे म्हणाले असते, "मला आधीपासूनच माहीत होतं की हे आपलं काम नाही." मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी हे दाखवलेलं आहे. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि मॉस्कोच्या दौऱ्यावर जाण्याआधी त्यांनी लोकांना विचारलं, अमुक घडेल याची शक्यता किती वाटते? दौऱ्यानंतर त्याच लोकांना आपले आधीचे अंदाज आठवायला सांगितले. जे घडलं होतं त्याला आपण मुळात जास्त शक्यता दिली होती, असंच त्यांना आठवत होतं. आपली आठवण निकाल लागल्यावर मागे जाऊन पेपर दुरुस्त करते. मग अनुभव कितीही असला तरी शिकायला चूक शिल्लकच राहत नाही.

वहीची युक्ती माझी नाही. पीटर ड्रकर यांनी १९९९ साली एका लेखात ती सांगितली होती: महत्त्वाचा निर्णय घेताना काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवायचं आणि नऊ-बारा महिन्यांनी प्रत्यक्षात काय झालं त्याच्याशी ताडून बघायचं. त्यातून त्यांना स्वतःबद्दल जे कळलं ते गमतीचं आहे. इंजिनियर, हिशेबनीस अशा तांत्रिक माणसांशी आपलं लगेच जमतं, पण 'सगळ्यातलं थोडं थोडं' जाणणाऱ्यांशी नाही, हे त्यांना या नोंदींमुळे समजलं. आणि हा माणूस व्यवस्थापनावर बोलण्यासाठीच प्रसिद्ध होता!

काही गोष्टी मात्र वहीतही सापडत नाहीत. आपण आतून किती धास्तावलेले असतो ते आपल्यालाच चांगलं कळतं, पण आपली हुशारी किंवा कल्पकता किती, हे जवळचे लोक आपल्यापेक्षा नेमकं सांगतात, असं मानसशास्त्रज्ञ सिमीन वझीर यांच्या २०१०च्या अभ्यासात दिसलं होतं. म्हणून मी ज्याच्याबरोबर बरीच वर्षं काम केलं त्या सहकाऱ्याला सरळ विचारलं, लीड म्हणून माझं कुठे चुकतं? तो म्हणाला, "तू समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. तुला उत्तर आधी सुचतं." मी लगेच म्हटलं, "नाही, तसं नाही, मी..." तो नुसता हसला. डोळ्यातलं मुसळ म्हणतात ते हेच.

राहिला चोचल्यांचा मुद्दा. तो मला टोचला, कारण तो निम्मा खरा आहे. महिन्याअखेर हातात पैसे येणं हाच प्रश्न असेल तेव्हा वही बाजूला ठेवावी आणि समोर येईल ते काम धरावं. त्या माणसाला 'आधी स्वतःला ओळख' असं सांगणं हा उद्धटपणा आहे, आणि माझ्या लेखाचा सूर तसा लागला असेल तर माफी मागते.

पण ही कल्पनाच खाऊनपिऊन सुखी लोकांनी काढली, असं म्हणाल तर तसं नाही. अमेरिकेत १९०८ साली फ्रँक पार्सन्स यांनी बॉस्टनमध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचं पहिलं केंद्र उघडलं, ते गरीब आणि नुकत्याच स्थलांतरित कुटुंबांतल्या तरुणांसाठी. ही मुलं मिळेल त्या कामाला लागायची, चार महिन्यांत सोडायची, पुन्हा रस्त्यावर यायची. पार्सन्स सांगायचे ते साधं होतं: स्वतःला ओळखा, त्या त्या कामाला काय लागतं ते ओळखा, आणि मग दोन्हीची सांगड घाला. वर्षभरात ते वारलेच. त्यांचं पुस्तक १९०९ मध्ये, त्यांच्या मागे छापलं गेलं. माझा समज असा की ज्याच्याकडे चुकायला पैसा आहे त्याला स्वतःबद्दलचे गैरसमज परवडतात. दोन नोकऱ्या चुकल्या तरी तो तिसरी शोधतो. ज्याला एकच उडी मारायची आहे, त्याला आपली उडी किती लांब जाते हे ठाऊक असलेलं बरं.

आणि आता तुमची ती शेवटची वाक्यं. दोनदा बढती नाकारलीत. चारचौघांनी वेड्यात काढलं असेल, पगारातला फरक डोळ्यांसमोर असेल, तरी तुम्ही नाही म्हणालात, कारण फिरती आपल्याच्याने होत नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. मी दहा महिने वही खरडून जिथे पोहोचले, तिथे तुम्ही दोनदा पोहोचून आलात आणि वर मला सांगताय की मी स्वतःला ओळखत बसलो नाही!

मला एकच विचारायचंय, आणि हे खोचक नाही. पहिल्यांदा नाही म्हणालात तेव्हा फिरती जमत नाही हे तुम्हाला कसं कळलं होतं? कधी करून बघितली होती, की करायच्या आधीच खात्री होती? करून बघितली असेल तर त्या काळाबद्दल सविस्तर लिहा ना. इथल्या तरुण वाचकांना माझ्या वहीपेक्षा ते जास्त कामाला येईल.