सावद्याचे शेतकरी साखळीला घाबरले नव्हते

परवा रात्री अमळनेरहून भाच्याचा फोन आला. नववीत आहे, पंधरा ऑगस्टच्या भाषणाची तयारी चाललीय. "मामा, हाई खरं शे का?" म्हणाला आणि त्याने मला एक लांबलचक मेसेज पाठवला. तो त्याला त्याच्या वडिलांनी दिला होता आणि वडिलांना नात्यातल्या ग्रुपवरून आला होता. मथळा: 'खान्देशने इंग्रजांविरुद्ध काय केलं? काहीच नाही!' खाली पाच मुद्दे. पोरगं हे शाळेत माईकवरून बोलणार होतं, म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेजातला दुसरा मुद्दा मी आधी घेतो, कारण तो माझ्या गावाचा आहे. त्यात म्हटलंय, '१८५२ मध्ये सावद्याला दंगा झाला, तो अडाणी शेतकरी मोजणीची साखळी बघून घाबरले म्हणून. मोजणी त्यांच्याच भल्यासाठी होती.'

आमच्या मळ्याच्या कोपऱ्यावर, केळीच्या शेवटच्या ओळीला लागून, हद्दीचा जुना दगड आहे. त्याची एक बाजू नांगर लागून लागून झिजली आहे. इंग्रज सरकारने सारा ठरवायला जमीन मोजायला काढली होती. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची आणि तिचे आणे म्हणजे भाग सोळा. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. आजही सातबाऱ्यावर आपण त्याच मापात बोलतो. ह्यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि हे कुणब्याला समजत नव्हतं असं म्हणणाऱ्याने शेत कधी बांधावरूनसुद्धा बघितलेलं नाही. भीती मोजणीनंतर काय येणार, त्याची होती. प्रत्येक शेताला प्रत म्हणजे जमिनीचा दर्जा लावायचा, प्रतीवर शेतसाऱ्याचा दर बसवायचा आणि तो तीस वर्षांसाठी कायम करायचा. दर ठरवणारा सरकारी अधिकारी, वसूल करणारं सरकार आणि दर जास्त झाला म्हणून ज्याच्यापुढे अर्ज करायचा तेही तेच सरकार. पुढे १८७६ च्या कायद्याने तर साऱ्याच्या आकारणीविरुद्ध दिवाणी कोर्टाचं दारच बंद झालं.

विश्वास नसेल तर इंग्रज सरकारनेच छापलेलं खान्देशचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ, उघडा, १८८० चं, बारावा खंड. सावदा, रावेर, चोपडा, एरंडोल ह्या भागांत मोजणीविरुद्ध हजारोंचे जमाव जमले, फौज आणावी लागली, पुढाऱ्यांना पकडावं लागलं, हे त्यात त्यांनीच नोंदवलंय. साखळीला भ्यालेल्या माणसांना पांगवायला फौज लागत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, मनाविरुद्ध का होईना. पाटील-देशमुख पुढे होते ते काही सगळे गरिबाच्या कळवळ्याने नव्हते. मोजणी झाली की दडवलेली जमीन उघडी पडणार होती आणि गावातलं त्यांचं वजन घटणार होतं. ते खरं आहे. पण मागे जमलेल्या हजारोंकडे दडवायला काय होतं?

आता तिसरा मुद्दा, ज्याच्यामुळे मला झोप लागली नाही: 'शेतकऱ्याची तक्रार फक्त साऱ्याची होती. स्वातंत्र्य हे शहरातल्या वकिलांचं खूळ.' अरे बाबा, तक्रार साऱ्याचीच असते. अमेरिकेतल्या इंग्रजांच्या वसाहतींचीही आधी कराचीच होती. १७६५ चा स्टँप कायदा, म्हणजे कागदपत्रांवरचा कर, त्यांनी ओरडून रद्द करून घेतला. १७७५ च्या एप्रिलमध्ये लढाई सुरू झाल्यावरसुद्धा जुलैत त्यांनी इंग्लंडच्या राजाला समेटाचा अर्ज पाठवला. राजाने तो स्वीकारलाच नाही. वर्षभरात त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. अर्ज ऐकणारा आणि पैसे घेणारा एकच, आणि त्याला बदलायचा हक्क आपल्याला नाही, हे कळलं की साऱ्याची तक्रार राज्याची तक्रार होते. इथे त्याला जास्त वर्षं लागली, एवढंच.

सावद्याहून फैजपूर अगदी जवळ. डिसेंबर १९३६ मध्ये तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यातलं पहिलं. अध्यक्ष नेहरू, गावोगाव फिरून तयारी करणाऱ्यांत धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी. तिथे मागितलं काय? सारा आणि खंड (कुळाने मालकाला द्यायचं जमिनीचं भाडं) कमी करा, न परवडणाऱ्या तुकड्यांना सूट द्या, कर्जवसुली थांबवा. आणि त्याच मांडवात इंग्रजांनी केलेला राज्यकारभाराचा १९३५ चा कायदा नाकारून घटना समितीची मागणी. १८५२ ला ह्याच पट्ट्यात 'मोजू नका' म्हणणाऱ्यांची नातवंडं-पतवंडं त्या मांडवात बसली होती, आणि सारा कोण ठरवणार हेच आता ती विचारत होती.

पहिला मुद्दा भिल्लांचा: 'ते लुटारू होते, इंग्रजांनी नोकऱ्या देऊन वळण लावलं.' नोकऱ्या दिल्या, हो. १८२५ ला धरणगावात औट्रम ह्या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभी केली. पण १८१८ ला इंग्रजी राज्य आल्यानंतर भिल्लांची घाटांची राखण आणि गावांकडून मिळणारे हक्क ह्यांवर गदा कुणी आणली, ते मेसेजात नाही. आणि सेंधव्याच्या घाटात सरकारी नोकरीत असलेला भिल्ल पुढारी खाज्या नाईकच १८५७ ला उलटला, तेही नाही. एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात अंबापाणीला भिल्लांची इंग्रज फौजेशी लढाई झाली आणि पकडलेल्यांपैकी अनेकांना तिथेच गोळ्या घातल्या. भाषणात 'लुटारू' हा शब्द जाणार असेल तर हेही जाऊ दे.

चौथा मुद्दा, इंग्रजांनी रेल्वे दिली हा, थोडक्यात. भुसावळची लाइन आपल्याला आजही उपयोगी आहे. ती टाकली तेव्हा खान्देशचा कापूस मुंबई बंदरात आणि तिथून विलायतेच्या गिरण्यांत न्यायचा होता.

शेवटचा मुद्दा अर्धा खरा: 'महायुद्धाने इंग्रज कंगाल झाले म्हणून स्वतःहून गेले.' कंगाल झाले होते. पण हॉलंड आणि फ्रान्स तर जर्मनांच्या टाचेखाली भरडून निघालेले. तरी हॉलंड इंडोनेशियासाठी १९४९ पर्यंत लढलं, फ्रान्स व्हिएतनाममध्ये १९५४ पर्यंत आणि अल्जीरियात १९६२ पर्यंत. नुसत्या कंगालीने कुणी राज्य सोडत नाही. इथे राज्य चालवायला माणसंच उरत नव्हती. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईत नौदलाचे खलाशीच उलटले. त्याआधी, १९४४ ला, आपल्याच चिमठाण्याजवळ धुळ्याहून नंदुरबारला जाणारा सरकारी खजिना भूमिगतांनी लुटला होता.

आणि ९ सप्टेंबर १९४२, नंदुरबार. शिरीषकुमार मेहता, वय १५. लालदास, धनसुखलाल, घनश्यामदास, शशिधर केतकर. मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि ही पाचही मुलं गेली. 'खान्देशने काहीच केलं नाही' असा मथळा लिहिणाऱ्याने ही पाच नावं वाचलेली नाहीत.

भाच्याला म्हटलं, तुझं भाषण सावद्यापासून सुरू कर. रविवारी ये, दगड दाखवतो. आणि दाजींना मी स्वतः फोन करून सांगतो, तो मेसेज ग्रुपवरून काढा.